जेनोआ पायी बघायचंय? मग खालून वर चढत जा

इटलीला जाणारे आपले लोक रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करतात, पिसाला मनोऱ्याला हात लावल्याचा तो फोटो काढतात आणि चिंक्वे तेर्रेला जाताना जेनोआला फक्त गाडी बदलतात. स्टेशनाबाहेर डोकावलंच तर ट्रॅफिक, बंदरातल्या क्रेन आणि समुद्र नि शहराच्या मधून जाणारा एक लांबलचक उड्डाणपूल दिसतो, मग "इथे काही नाही बघण्यासारखं" असं ठरवून मोकळे. खरं सांगायचं तर जेनोआ स्वतःहून काही दाखवत नाही. गाडीतून काहीच दिसत नाही, बसमधून थोडंफार, आणि पायी फिरलात तर सगळं. मिलानहून ट्रेननं दीड-दोन तास लागतात, त्यामुळे एक दिवस तरी द्याच, आणि जमलं तर रात्री मुक्काम करा.

आता आधी शहर कसं बसलंय ते समजून घ्या कारण ते कळलं की अर्धं काम झालं. मागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये सपाट जागा जवळपास नाहीच. त्यामुळे मध्ययुगात जी वस्ती झाली ती एकमेकांच्या अंगावर रेलल्यासारखी, सहा-सात मजली घरं आणि मध्ये दोन हात पसरले की दोन्ही भिंती लागतील इतक्या अरुंद गल्ल्या. या गल्ल्यांना तिथे कारुज्जी म्हणतात. असं जुनं गावठाण युरोपात जी काही मोजकी मोठी उरलीत त्यातलं हे एक. आणि या गल्ल्यांत मोबाईलचं जीपीएस चक्क वेडं होतं, निळा ठिपका एकदा या गल्लीत एकदा त्या गल्लीत, कारण वर आकाशाची फक्त एक पट्टी असते. म्हणून मॅपवर फार विसंबू नका. साधा नियम लक्षात ठेवा, उतार म्हणजे समुद्र, चढ म्हणजे डोंगर. हरवलात की उतारानं चालत सुटा, पाच-दहा मिनिटांत बंदरावर बाहेर पडाल, तिथून परत सुरू.

आणि माझा मुख्य सल्ला हा की जेनोआ खालून वर बघा. म्हणजे बंदरापासून सुरू करा आणि चढत डोंगरावर संपवा. माल जहाजातून उतरायचा तो खाली, त्याचा हिशेब आणि उधारी व्हायची ती थोडं वर, देवाचा हिस्सा त्याच्या वर, आणि जे पैसे उरले त्यातून श्रीमंतांनी वाडे बांधले ते सगळ्यात वर. या क्रमानं चाललात की शहर आपोआप उलगडतं. बहुतेक टूर उलट करतात, आधी राजवाडे आणि शेवटी थकूनभागून बंदर, मग सगळ्यांच्या डोक्यात नुसतं एकामागून एक संगमरवर राहतं.

निघण्याआधी

बूट चांगल्या ग्रिपचे घाला. गल्ल्यांत दगडी फरशी आहे, शेकडो वर्षं घासून गुळगुळीत झालेली, पाऊस पडला की तिच्यावरून सरळ घसरगुंडी. चाकाची बॅग घेऊन गल्लीत शिरू नका, मध्येच पायऱ्या येतात, आणि लहान बाळाची गाडी असेल तर घरीच ठेवा, कॅरियर घ्या. स्टेशनं मुख्य दोन, प्रिन्चिपे आणि ब्रिन्योले. वर सांगितलेल्या क्रमानं फिरायचं तर प्रिन्चिपेला उतरा. बहुतेक म्युझियमांना सोमवारी सुट्टी असते, चर्च दुपारी बारा ते साडेतीनच्या आसपास बंद, छोटी दुकानंही दुपारी शटर ओढतात, म्हणून सकाळी लवकर निघा आणि दुपार जेवायला आणि गल्ल्यांत भटकायला ठेवा. १५ ऑगस्टच्या आसपास अर्धं शहर सुट्टीवर असतं तेव्हा तो आठवडा टाळलेलाच बरा. एप्रिल-मे आणि सप्टेंबर मस्त.

पत्त्याची एक गंमत आहे ती माहीत असू द्या नाहीतर हॉटेल शोधताना वैतागाल. इथे घरांना काळ्या रंगाचे नंबर आणि दुकानांना, हॉटेलांना लाल रंगाचे नंबर, आणि दोन्ही आकडे वेगवेगळे चालतात. म्हणजे काळा २० इथे असेल तर लाल २० पार तिकडे गल्लीच्या टोकाला असू शकतो. पत्त्यात आकड्यापुढे छोटा 'आर' लिहिलेला असेल तर तो लाल, रोस्सोचा आर. खाण्याच्या जागांचे पत्ते जवळपास सगळे लालच.

खाली: बंदर

प्रिन्चिपेच्या बाहेर कोलंबसाचा पुतळा आहे, त्याला नमस्कार करून उताराला लागा. वाटेत कोमेन्दा दी प्रे नावाची जुनी इमारत लागते, ११८० च्या सुमारास बांधलेली, पवित्र भूमीकडे जहाजानं निघालेले यात्रेकरू आणि क्रुसेडवाले इथे मुक्काम करायचे. आता तिथे इटलीतून परदेशी गेलेल्या लोकांचं म्युझियम आहे, २०२२ ला उघडलं. वेळ असेल तर जरूर बघा. आपल्याकडे घरटी एक जण बाहेर असतो त्यामुळे ते लगेच भिडतं. याच बंदरातून लाखो इटालियन गाठोडी घेऊन अमेरिकेला, अर्जेंटिनाला गेले.

तिथून व्हिया दी प्रे ही गल्ली. इथे आफ्रिकन सलून, बांगलादेशी किराणा, मोबाईल रिचार्जची दुकानं, मसाल्यांचा वास, अस्सल बंदरातली गल्ली. काही ब्लॉगवाले घाबरवतात. दिवसा बिनधास्त जा, पाकीट पुढच्या खिशात ठेवा, रात्री उशिरा एकटं-दुकटं जायची गरज नाही. थोडं पुढे एक जुनी वेस लागते, पोर्ता देई व्हाक्का, आणि वेस ओलांडली की व्हिया देल काम्पो.

या व्हिया देल काम्पोवर एक छोटा चौक आहे, तिथे एक कारंजं दिसेल, त्याच्या मागे डोकावून बघा. मागे एक दगडी खांब आहे. १६२८ मध्ये ज्यूलिओ चेझारे व्हाकेरो नावाच्या माणसानं जेनोआच्या प्रजासत्ताकाविरुद्ध (तेव्हा हे शहर म्हणजे स्वतंत्र राज्य होतं) कट केला, त्याचं डोकं उडवलं, घर जमीनदोस्त केलं आणि त्या जागी हा बदनामीचा खांब उभारला, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं म्हणून. मग त्याच्या वारसांनी काय केलं, तर खांबापुढे कारंजं बांधलं, म्हणजे खांब दिसू नये! सरकारी शिक्षेला असं नगरसुशोभीकरणानं दिलेलं उत्तर मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

यानंतर सोत्तोरिपा, बंदराच्या कडेनं जाणाऱ्या कमानींची ओळ. बाराव्या शतकातली. पूर्वी समुद्र थेट या कमानींपर्यंत होता, आता मध्ये रस्ता आणि तो १९६५ चा उड्डाणपूल आलाय. कमानींखाली तळणाची दुकानं आहेत, कागदाच्या पुड्यात तळलेले मासे, माकुल, बोंबलाएवढी छोटी मासळी, उभ्या-उभ्या खायचं. मासे खाणाऱ्यांनी इथे पोट भरायला हरकत नाही. शाकाहारींनी थांबा, तुमचं पुढे येतंय.

समोर पोर्तो आन्तिको म्हणजे जुनं बंदर. १९९२ ला कोलंबसाच्या प्रवासाला ५०० वर्षं झाली म्हणून मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा रेन्झो पियानो या आर्किटेक्टनं, तो इथलाच, हे सगळं नव्यानं मांडलं. मत्स्यालय त्याच वेळचं. लहान मुलं बरोबर असतील तर मत्स्यालय कराच पण अर्धा दिवस जातो आणि तिकीट महाग आहे हे धरून चाला, नुसते मोठे असाल तर मी म्हणेन सोडा आणि त्याऐवजी गलाता हे समुद्राचं म्युझियम बघा. त्याच्या बाहेर पाण्यात खरी पाणबुडी उभी आहे, नाझारिओ साउरो, आत शिरता येतं. उंच माणसांनी डोकं सांभाळा. आणि बंदरात एक सोनेरी नक्षीचं मोठं शिडाचं जहाज दिसेल, सगळे त्यासमोर फोटो काढतात आणि कोलंबसाच्या काळातलं समजतात, ते सिनेमाच्या शूटिंगसाठी १९८० च्या दशकात बनवलेलं आहे. फोटो काढा, पण कॅप्शन जपून टाका.

हिशेबाचा मजला

कमानींच्या टोकाला अंगभर चित्रं रंगवलेली एक इमारत आहे, पालाझ्झो सान जोर्जो. इथे जरा थांबा, माझ्या मते पूर्ण शहरात हीच एक इमारत चुकवायची नाही अशी आहे. १२६० ला बांधली. पुढे ही कस्टम हाऊस झाली, आणि काही काळ तुरुंग. १२९८ मध्ये व्हेनिसशी झालेल्या लढाईच्या सुमारास मार्को पोलो जेनोआच्या हाती लागला, आणि परंपरेनं असं सांगतात की त्याला इथेच डांबलं होतं. बरोबर कोठडीत होता पिसाचा रुस्तिकेल्लो. हा लिहिणारा माणूस. पिसाचे लोक इथे कैदेत का, तर १२८४ मध्ये मेलोरियाच्या समुद्री लढाईत जेनोआनं पिसाला असं काही हाणलं की हजारो कैदी आणले. तर कोठडीत मार्को बोलत गेला आणि रुस्तिकेल्लो लिहीत गेला, आणि त्यातून ते जगप्रसिद्ध प्रवासवर्णन तयार झालं. त्यात आपलं ठाणंही आहे बरं का, ताना नावानं, तिथलं चामडं, सुती कापड आणि समुद्रातले चाचे. ठाणेकरांनी इथे एक सेल्फी काढायला हरकत नाही.

१४०७ ला याच नावानं सान जोर्जो बँक सुरू झाली, सरकारचं कर्ज सांभाळायची आणि बदल्यात कर गोळा करायचा हक्क घ्यायची, युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या बँकांपैकी एक. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात इथले सावकार स्पेनच्या राजाला कर्ज द्यायचे, अमेरिकेतून येणारी चांदी फिरत-फिरत यांच्या तिजोरीत. आज इमारतीत बंदराचं ऑफिस आहे त्यामुळे आत नेहमी सोडतात असं नाही, पण बाहेरूनच बघण्यासारखी आहे.

तिथून एका मिनिटावर पियाझ्झा बान्की. इथे सराफ आणि पैसे बदलणारे बाकं टाकून बसायचे. समोर एक चर्च आहे, सान पिएत्रो, आणि त्याच्या तळमजल्यावर दुकानं! चर्च बांधायला पैसे नव्हते म्हणून खालचे गाळे विकून त्यातून वरचं देऊळ उभं केलं. जेनोआ एका नजरेत बघायचं असेल तर हेच, खाली धंदा वर देव, आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नाही.

गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर मान वर करून बघत चला, पहिल्या मजल्याच्या उंचीवर मेरीच्या मूर्तींचे छोटे कोनाडे दिसतील, व्यापाऱ्यांच्या संघांनी आणि मोहल्ल्यातल्या लोकांनी लावलेले. असे शेकडोंनी होते, बऱ्याच मूळ मूर्ती आता म्युझियममध्ये नेल्यात आणि जागेवर प्रतिकृती आहेत.

देवाचा मजला, आणि एक न फुटलेला गोळा

व्हिया सान लोरेन्झो हा रुंद रस्ता घेऊन वर चढलात की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथेड्रल. दाराशी दोन उदास चेहऱ्याचे सिंह. आत उजव्या बाजूला एक भला मोठा तोफेचा गोळा ठेवलाय, ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश आरमारानं समुद्रातून शहरावर मारा केला तेव्हा ३८१ मिलिमीटरचा हा गोळा छप्पर फोडून आत पडला आणि फुटलाच नाही. लोक मेणबत्ती लावायला येतात आणि जाताना त्याच्याकडे एकदा बघून जातात.

तळघरात खजिन्याचं म्युझियम आहे, तिकीट वेगळं. त्यातलं साक्रो कातिनो म्हणजे हिरवं ताट, ११०१ ला सीझरियाहून लुटून आणलेलं. शेकडो वर्षं लोकांचा विश्वास की हे अखंड पाचूचं आहे, येशूच्या शेवटच्या जेवणातलं. नेपोलियननं पॅरिसला नेलं, परत आलं ते तुकडे होऊन. ते पाचू नाही, काच आहे हे एव्हाना स्पष्ट झालं होतं. तरी आजही मानानं ठेवलंय, आणि ठेवायलाच पाहिजे, काचेचं असलं तरी कारागिरी काय आहे.

कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला दोन मिनिटांवर पियाझ्झा सान मात्तेओ, दोरिया घराण्याचा खासगी म्हणावा असा चौक. चर्चच्या दर्शनी भिंतीवर घराण्यानं आपल्या लढायांचे पराक्रम कोरून ठेवलेत. पराक्रमाची जाहिरात थेट देवळाच्या भिंतीवर. गर्दी नसते, पायऱ्यांवर बसून पाणी प्या.

आणि पियाझ्झा मात्तेओत्तीला जेझू नावाचं चर्च आहे, तिथे रुबेन्सची दोन मोठी चित्रं फुकट बघायला मिळतात. बाकी शहरांत यासाठी रांग लावावी लागली असती. शेजारीच पालाझ्झो दुकाले आणि पुढे दे फेर्रारीचा कारंजाचा चौक, इथे सगळे मोर्चे, सगळे सेल्फी. पटकन आटपा.

कोलंबसाच्या घराबद्दल लोक विचारतात. दे फेर्रारीपासून पाच मिनिटांवर पोर्ता सोप्राना ही दोन मनोऱ्यांची वेस आहे, ११५५ ला बार्बारोसा बादशहाच्या भीतीनं बांधलेल्या तटातली, आणि वेशीबाहेर ते घर. मूळ घर १६८४ च्या फ्रेंच तोफमाऱ्यात गेलं, आता दिसतं ते अठराव्या शतकात पुन्हा बांधलेलं. बाहेरून बघा, आत जायची गरज नाही. शेजारी सान्त आन्द्रेआच्या जुन्या मठाचा खांबांचा चौकोन उभा करून ठेवलाय तो जास्त सुंदर आहे. मात्र वेस नीट बघा, तिच्यावर पिसाच्या बंदराची जिंकून आणलेली साखळी टांगलेली असायची, साडेपाचशेहून जास्त वर्षांनी म्हणजे १८६० ला परत केली. इतकं सांभाळून ठेवलेलं वैर!

मध्येच खाणं, कारण पुढे चढ आहे

शाकाहारींसाठी जेनोआ इटलीतल्या सगळ्यात सोप्या शहरांपैकी एक. सकाळी फोकाच्चा. ऑलिव्ह तेलात भिजलेला जाडसर खारट पाव, वर बोटांचे खड्डे, कांदा घातलेलाही मिळतो. इथले लोक तो कापुचिनोत बुडवून खातात, ऐकायला विचित्र वाटतं पण आपण चहात खारी बुडवतोच की.

मग फारिनाता. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स. मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊ. ना अंडं ना दूध, त्यामुळे व्हीगन आणि जैन मंडळींनाही चालेल, फक्त वर कांदा किंवा छोटे मासे टाकलेले प्रकार असतात ते विचारून घ्या. जिथे ही भट्टी असते त्या जुन्या खानावळींना शामाद्दा म्हणतात, सोत्तोरिपात आणि व्हिया देई जुस्तिनियानीच्या आसपास बघा. गरमच खायची. काउंटरवर गार होऊन पडलेला तुकडा देत असतील तर नाही म्हणा, नवी परात कधी निघणार ते विचारा आणि थांबा. तसंच बेसनाची वडी थापून तळलेली पानिस्सा.

पेस्तो इथलाच. प्रा या उपनगरातली छोट्या पानांची तुळशीच्या जातीची बेझिल, लसूण, चिलगोजे, दोन प्रकारची चीज आणि ऑलिव्ह तेल. हे गरम करत नाहीत, शिजलेल्या पास्त्यावर कच्चंच घालतात, आणि पास्त्याबरोबर बटाटा आणि फरसबी उकडून घालायची जुनी पद्धत आहे. त्रोफिए किंवा त्रेनेत्ते मागवा. कडक शाकाहारींना एक सांगून ठेवते, पारमेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी पेस्तो सोडावा आणि फारिनातावर आडवा हात मारावा. पान्सोती म्हणजे पालेभाजी भरलेल्या करंज्या अक्रोडाच्या सॉसमध्ये, तेही बिनमांसाचं, पण चीज आणि अंडं असतं.

कॉफी काउंटरवर उभं राहून प्या, टेबलावर बसलात की बऱ्याच ठिकाणी भाव वाढतो. रेस्टॉरंटच्या बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एक-दोन युरो लागतात, तो फसवणुकीचा प्रकार नाही, पद्धत आहे. गोड हवं असेल तर सोत्सील्याच्या चौकात रोमानेन्गो हे दुकान, साखरेत मुरवलेली फळं, फुलांच्या पाकळ्या, १७८० पासूनचा धंदा. महाग आहे. दुकान आतून बघायला पैसे पडत नाहीत.

श्रीमंतांचा मजला

सोत्सील्यातून वर चढताना माद्दालेना नावाची गल्ली ओलांडावी लागते. इथे दिवसाढवळ्या दारात उभ्या असलेल्या बायका दिसतील, वेश्याव्यवसायाची जुनी वस्ती आहे ही. फोटो काढू नका, टक लावून बघू नका, सरळ चालत राहा. आणि अक्षरशः पन्नास पावलांवर व्हिया गारिबाल्दी. अंधाऱ्या बोळातून अचानक उजेडात, दोन्हीकडे महालच महाल. हा धक्का बसावा म्हणूनच खालून या म्हटलं.

सोळाव्या शतकाच्या मध्यात दहा-बारा सावकार घराण्यांनी ठरवून हा रस्ता काढला, जेमतेम अडीचशे मीटर. रुबेन्स या वाड्यांवर इतका खूश झाला की १६२२ ला त्यांचे नकाशे छापले. यांना पालाझ्झी देई रोल्ली म्हणतात आणि त्यामागची भानगड एकदम व्यापारी डोक्याची आहे. प्रजासत्ताक असल्यानं राजवाडा नव्हता, मग परदेशचे राजे, कार्डिनल आले की उतरवायचं कुठे? १५७६ पासून सरकारनं खासगी वाड्यांच्या प्रतवार याद्या केल्या, पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे यादी, आणि कोणाच्या घरी पाहुणा जाणार ते चिठ्ठी टाकून ठरायचं. पाहुणचार सरकारचा, घर तुमचं! त्यातले ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

एकाच तिकिटात तीन वाडे बघता येतात, रोस्सो, बियान्को आणि दोरिया तुर्सी. घाई असेल तर रोस्सो करा, व्हॅन डाईकनं काढलेली घरच्या मंडळींची चित्रं आणि गच्चीवरून दिसणारी छपरं. तुर्सीमध्ये पागानिनीचं व्हायोलिन आहे, १७४३ चं, ग्वार्नेरीनं बनवलेलं, आवाज दणदणीत म्हणून त्याला तो तोफ म्हणायचा. बाकीच्या वाड्यांत आता बँका आणि ऑफिसं आहेत, पण फाटक उघडं असेल तर अंगणात डोकावायला सहसा कोणी हरकत घेत नाही. वसंतात आणि शरदात रोल्ली डेज नावाचे वीकेंड असतात, एरवी बंद असलेले वाडे तेव्हा उघडतात, तारखा जुळत असतील तर ट्रिप तशीच आखा.

आणि इथूनच जवळ, खाली व्हिया लोमेल्लिनीला, ११ नंबरचं घर जरूर शोधा. ज्युसेप्पे मॅझिनी इथे जन्मला, २२ जून १८०५. सावरकरांनी लंडनला असताना याच्याच लेखनाचं मराठी भाषांतर केलं होतं, १९०७ ला ते छापलं गेलं आणि इंग्रज सरकारनं जप्तही केलं. मॅझिनीच्या 'तरुण इटली'च्या वळणावरच आपल्याकडे अभिनव भारत निघाली. आता त्या घरात इटलीच्या स्वातंत्र्यलढ्याचं म्युझियम आहे, छोटं, बहुतेक वेळा रिकामं. मला तिथे एकही पर्यटक दिसला नाही, सगळे मत्स्यालयाच्या रांगेत.

वर

व्हिया गारिबाल्दीच्या पूर्वेच्या टोकापासून दोन मिनिटांवर पियाझ्झा पोर्तेल्लो, तिथे बोगद्यासारखा टाइल्स लावलेला रस्ता आत जातो आणि शेवटी लिफ्ट. कास्तेल्लेत्तोची लिफ्ट, १९०९ ची. हो, सार्वजनिक वाहतुकीचा भाग आहे ही, शहरात अशा कितीतरी लिफ्ट, दोरीवर चालणाऱ्या गाड्या आणि एक दातेरी रेल्वेसुद्धा आहे, कारण वरच्या वस्तीत माणसं भाजी घेऊन रोज चढणार कशी? एएमटी या शहर वाहतूक कंपनीचे तिकिटाचे नियम बदलत असतात, तिथला बोर्ड वाचून घ्या.

वर गच्चीवर आलात की आख्खा दिवस खाली पसरलेला दिसतो. करड्या पाटीच्या दगडाची छपरं, त्यांच्यामधल्या फटी म्हणजे तुम्ही चाललात त्या गल्ल्या, पुढे बंदर आणि उजवीकडे लान्तेर्ना, १५४३ चं दीपगृह, ७७ मीटर उंच. उतरताना लिफ्ट घेऊ नका, विटा आणि गोट्यांच्या उतरत्या पायवाटा आहेत, त्यांना क्रेउझा म्हणतात, दोन्हीकडे बागांच्या भिंती, त्यानं उतरा. गुडघे दुखत असतील तर मात्र लिफ्टच बरी.

अजून दम असेल तर झेक्काहून रिगीला जाणारी फ्युनिक्युलर घ्या, वर सतराव्या शतकातला डोंगरमाथ्यावरचा तट आणि किल्ले आहेत. आपल्याकडच्या ट्रेकरना ते चालणं फार आवडेल, पाणी बरोबर ठेवा.

दुसरा दिवस मिळाला तर

सकाळी बसनं स्तालियेनो. ही दफनभूमी आहे, १८५१ ची, आणि सुट्टीत स्मशानात कशाला असं म्हणू नका. श्रीमंत व्यापाऱ्यांनी एकमेकांवर कडी करत इतके जिवंत पुतळे बसवलेत की दोन तास कमी पडतात, झालरी, शाली, अगदी बटणंसुद्धा संगमरवरात. सगळ्यात गाजलेला पुतळा मात्र गरीब बाईचा, कातेरिना काम्पोदोनिको. ही जत्रांमध्ये हेझलनटच्या माळा आणि कड्याच्या आकाराचे गोड पाव विकायची, आयुष्यभर पैसे साठवून तिनं त्या काळच्या नामवंत शिल्पकाराकडून, लोरेन्झो ओरेन्गोकडून, जिवंतपणीच १८८१ ला स्वतःचा पुतळा करून घेतला, अंगावर ठेवणीतली शाल आणि हातात त्याच माळा. पुढच्याच वर्षी गेली. वरच्या झाडीत मॅझिनीची समाधीही इथेच आहे, डोंगरात खोदल्यासारखी, जाड खांबांची. बंद व्हायची वेळ आधी बघून जा, दुपारनंतर उशिरा गेलात तर अर्धंच होतं.

संध्याकाळी समुद्राच्या कडेनं कोर्सो इतालियावरून चालत बोकादास्से, जुनं कोळीवाड्याचं गाव, रंगीत घरं, दोन-अडीच किलोमीटरची सपाट चाल. दिवसभर चढउतार झाल्यावर पाय दुवा देतील. मुलं असतील तर त्याऐवजी नेर्व्हीला लोकल ट्रेननं जा, तिथे खडकांवरून बांधलेला दोनेक किलोमीटरचा रस्ता आहे.

पावसाचं आणि एक. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे असा पाऊस कोसळतो की २०११ ला आणि २०१४ ला शहरात पूर येऊन माणसं गेली. डोंगरावरून पाणी थेट खाली येतं. म्हणून इथे पिवळा, केशरी, लाल असे इशारे देतात, लाल असला की शाळा, बागा, दफनभूमी, बरीच म्युझियम बंद. त्या दिवसांत जात असाल तर आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारा. लाल इशाऱ्याच्या दिवशी नाल्याकाठचे रस्ते, भुयारी मार्ग आणि तळघरातली दुकानं टाळा, स्तालियेनोला तर जाऊच नका, ते बिझान्यो नदीच्या खोऱ्यातच आहे. सरळ वरच्या मजल्यावरच्या एखाद्या कॅफेत बसा आणि गरम फारिनाता कुठे मिळते ते शोधत राहा.